चौकाचा चेहरा

कोरीव दगडाच्या इमारतीचें भाडें तिच्या मालकाला मिळतें. परंतु तिचा दर्शनी भाग रस्त्यानें जाणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीस पडतो, आणि ती शोभा कोणालाहि कुलूप लावून ठेवतां येत नाहीं. मग त्या दर्शनी भागाची निगा कोणीं राखावी व खर्च कोणीं सोसावा? मुंबईच्या हुतात्मा चौकाची व त्याला येऊन मिळणाऱ्या दादाभाई नौरोजी रस्त्याची हकीकत या दृष्टीनें ऐकण्यासारखी आहे.

सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असतांना, १८६०च्या दशकांत, मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडण्यांत आला. तटाचा चर्चगेट नांवाचा दरवाजा जेथें होता, तेथें १८६४ सालीं फ्लोरा फाउंटन हें कारंजें उभें राहिलें. त्याची आंखणी नॉर्मन शॉ यांची व मूर्तिकाम जेम्स फोर्सिथ यांचें. पुढें संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत ज्यांनीं प्राण वेंचले त्यांचें स्मारक याच जागीं झालें, आणि चौकाला आजचें नांव मिळालें. येथून बोरीबंदराकडे जाणारा रस्ता पूर्वीं हॉर्नबी रोड म्हणून ओळखला जाई. १८९६ सालीं सरकारनें असा दंडक घातला कीं, या रस्त्यावरील प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठीं कमानींची ओवरी असावी. इमारतींच्या शैली निरनिराळ्या; पण या ओवरीमुळें सारा रस्ता एका सूत्रांत ओंवल्यासारखा झाला.

या भागांत दगडहि तऱ्हेतऱ्हेचा दिसतो. मालाडचा पिवळसर, पोरबंदरचा फिकट चुनखडीचा, आणि आपला नेहमींचा काळा. हा काळा दगड सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा. वाशीम जिल्ह्यांतील आसेगांवच्या शिवारांतला कातळहि त्याच कुळांतला. कारंज्याचा दगड मात्र इंग्लंडांतील पोर्टलंडचा. चुनखडीचा दगड कोरण्यास सोपा, म्हणून नक्षीस उत्तम. पण धुरानें अम्लयुक्त झालेलें पावसाचें पाणी त्याला हळूहळू विरघळवितें. काळा दगड त्या मानानें काटक असतो.

दगडाला मरण नाहीं ही समजूत खरी नव्हे. त्याचा पहिला शत्रु पाणी. तुंबलेली पन्हळ, फुटलेला नळ, सांध्यांत रुजलेलें पिंपळाचें रोप, यांतून ओल भिंतींत शिरते. आंतल्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगतात आणि दगडाचा टवका उडवितात. समुद्राकांठीं हवेंतील मीठ त्यांत भर घालतें. याहून अधिक हानि होते ती हौशी दुरुस्तीनें. सांधे सिमेंटनें भरले कीं ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते, आणि सांध्याऐवजीं दगडच झिजूं लागतो. चुना मऊ असल्यामुळें तो स्वतः झिजतो व दगडाला वांचवितो. दाबाच्या वाळूनें घांसून केलेली सफाई नक्षीचा वरचा थरच नाहींसा करते.

फ्लोरा फाउंटनवर तर वर्षानुवर्षें रंगाचे थर चढविले गेले होते. स्वच्छ दिसावें हाच हेतु. पण मूर्तींचे बारकावे त्या रंगाखालीं बुजून गेले. ते थर काढून, जलवाहिन्या दुरुस्त करून, २०१९च्या जानेवारींत कारंजें पुन्हां वाहूं लागलें. तेव्हां नव्या पिढीला मूळ दगडाचा रंग प्रथमच दिसला.

दादाभाई नौरोजी रस्त्याचें दुखणें वेगळें होतें. दुकानांच्या पाट्यांनीं कमानी झांकल्या होत्या. प्रत्येकाला वाटे, आपली पाटी शेजाऱ्याहून मोठी असावी. परिणामीं कोणाचीच पाटी धड वाचतां येईना. १९९८च्या सुमारास या रस्त्याचा पद्धतशीर अभ्यास होऊन नियम ठरले: पाटी कमानीच्या आंत बसवावी, नक्षीवर खिळा ठोकूं नये. पाट्या निघाल्या तशा कमानी उघड्या झाल्या. २००४ सालीं युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पारितोषिकांत या कामाचा गौरव झाला. त्यासाठीं कोणतीहि नवी इमारत बांधावी लागली नाहीं; दुकानदारांनीं थोडें मागें सरकणें एवढेंच पुरेसें झालें.

तरी खर्चाचा प्रश्न उरतोच. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडेकरूंना आसरा दिला. पण भाडीं गोठल्यामुळें कित्येक मालकांजवळ दुरुस्तीला पैसा उरला नाहीं. १९९५च्या वारसा नियमांनीं इमारती पाडण्यास आळा घातला, तथापि ‘पाडूं नका’ म्हणणें सोपें आणि ‘सांभाळा’ म्हणणें महाग. ज्या शोभेचा लाभ सर्वांना होतो तिच्या खर्चाचा कांहीं वांटा सर्वांनीं उचलावा, हाच न्याय होय.

लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या शिल्पांकित भिंतींना पुरातत्त्व खात्याचें संरक्षण आहे. चौकाला असा एकच राखणदार नसतो. त्याचे मालक अनेक आणि भाडेकरू त्याहून अधिक. म्हणून तेथें शेजारधर्म हाच खरा पहारेकरी. पावसाळ्यापूर्वीं पन्हळ साफ करावी, भिंतींतलें रोप कोवळें असतांनाच काढावें, सिमेंटची पाटी उचलण्याआधीं जाणत्याला विचारावें, आणि पाटी लावतांना कमानीला वाट द्यावी. एवढें प्रत्येक घरानें केलें, तरी चौकाचा चेहरा पुढच्या पिढीला ओळखूं येईल.