दहा मिनिटं, गूगल बंद

(रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



‘माझा छंद’ या विषयावर मला पंधरा मिनिटं दिली आहेत. माझ्या आधी गच्चीवरच्या बागेबद्दल ऐकलंत, त्यानंतर गडकिल्ल्यांबद्दल. माझ्या छंदाला कुंडी लागत नाही आणि बूटही लागत नाहीत. रोज रात्री साडेनऊला मोबाईल घेऊन बसायचं आणि लोकांनी घातलेल्या कोड्यांतून सिनेमे आणि मालिका ओळखायच्या. बस्स. आमच्या घरी याला ‘मोबाईलमध्ये डोकं घालून बसणं’ म्हणतात. छंद हा शब्द मी आज इथे पहिल्यांदाच वापरतेय, तर जरा सांभाळून घ्या.

आपली सोसायटी रजिस्टर झाली २००० साली. त्याच वर्षी ३ जुलैला ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं. जुन्या मंडळींना आठवत असेल, तेव्हा जेमतेम निम्मे फ्लॅट भरले होते आणि लिफ्ट चालू व्हायची होती. रात्री नऊ वाजता जिना चढताना प्रत्येक दारातून अमिताभचा एकच आवाज यायचा. पहिल्या मजल्यावर प्रश्न ऐकायचा, तिसऱ्यावर पोचेपर्यंत उत्तर. पुढे त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांनी पहिले एक कोटी जिंकले, तेव्हा जिन्यात टाळ्या वाजल्या होत्या. त्यात ‘फोन अ फ्रेंड’ नावाची एक सोय होती. मित्राला फोन करायचा, तीस सेकंदांत त्याने सांगायचं. मला तेव्हा नेहमी वाटायचं, आपण कोणाला फोन करू? सिनेमाचं इतकं माहीत असलेलं आपलं आहे कोण?

ते कोण, हे कळायला वीस वर्षं लागली. लॉकडाऊनमध्ये, २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतलं. आपल्या सी विंगमधून मस्कतला गेलेल्या एकाने मैत्रिणीमैत्रिणींच्या ग्रुपवर सहज विचारलं, हे पहिल्यांदा कधी लागलं होतं? सहा जणांनी चार वेगवेगळी सालं सांगितली आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटत होतं. बरोबर उत्तर होतं जानेवारी १९८७. त्या भांडणातून आमचा वेगळा ग्रुप निघाला. आज चौदा जण आहोत. आपल्या बिल्डिंगमधले फक्त चार. बाकी नाशिक, सांगली, कोल्हापूर, मस्कत, टोरांटो, असे कोणाच्या ना कोणाच्या ओळखीने आलेले. त्यातल्या बहुतेकांना मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेलं नाही.

खेळ सोपा आहे. ज्याची पाळी असेल त्याने कोडं घालायचं. वेळ दहा मिनिटं. पहिल्या खुणेवर ओळखलं तर दहा गुण, दुसरी खूण मागितली तर सात, मग चार, मग एक. आणि गूगल बंद. हे शेवटचं कोणी तपासू शकत नाही, पण कळतं हो! ज्या माणसाला काल ‘सिंहासन’चा दिग्दर्शक आठवत नव्हता, तो आज अकराव्या सेकंदाला छायालेखकाचं नाव संपूर्ण आडनावासकट टाकतो, तेव्हा कळतं. आम्ही काही बोलत नाही. फक्त कोणीतरी ‘वा’ लिहितं. एवढं पुरतं.

कधी नुसती चित्रं येतात. एकदा एकीने मधमाशी, डोंगर आणि ढोल अशी तीन चित्रं टाकली. आमच्या वयाच्या लोकांनी क्षणात ‘जैत रे जैत’ लिहिलं, १९७७ चा, जब्बार पटेलांचा. पण टोरांटोच्या आजोबांच्या मांडीवरून नातवाने त्याच्याही आधी उत्तर दिलं होतं, ‘बी मूव्ही’. मधमाशी तर होतीच की! ढोलाचं काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, मधाचं पिंप आहे. अर्धे गुण द्यावेत की नाही यावर पाऊण तास चर्चा झाली. दिले शेवटी.

कधी ‘मी कोण?’ असतं. एकाने मनात सिनेमा धरायचा, बाकीच्यांनी वीस प्रश्न विचारायचे, उत्तर फक्त हो किंवा नाही. नवीन माणूस पहिल्याच प्रश्नाला ‘शोले आहे का?’ विचारतो. नाही म्हटलं की एकच सिनेमा गळतो, बाकी हजारो तसेच. मुरलेला खेळाडू विचारतो, ‘१९७५ च्या आधीचा आहे का?’ हो म्हणा किंवा नाही, निम्मा ढीग गेला. असे दर वेळी निम्मे करत गेलं तर वीस प्रश्नांत दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर गोष्टींतून एक वेगळी काढता येते. इंजिनिअर मंडळी मान हलवताहेत, म्हणजे गणित बरोबर आहे. हे निम्मे-निम्मे करणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे ‘दुवा’. चार नावं द्यायची, त्यांना जोडणारा धागा ओळखायचा. एक नमुना सांगते. चिमणराव, तात्या विंचू, टिपऱ्यांचे आबा आणि मुन्नाभाईला दिसणारे गांधीजी. चिमणरावावरून सत्तरीच्या लोकांना सुटलं, त्यांनी ते मुंबई दूरदर्शनवर पाहिलेले. ‘झपाटलेला’ १९९३ चा, तो विंचू बघून घाबरलेली मुलं आज चाळिशीला टेकलीत, त्यांना तिथून सुटलं. कॉलेजातल्या मुलीला ‘लगे रहो मुन्नाभाई’वरून. उत्तर सगळ्यांचं एकच, दिलीप प्रभावळकर. प्रत्येक वयाला आत शिरायला वेगळं दार असावं, असा प्रश्न घालणं मला उत्तर देण्यापेक्षा अवघड वाटतं.

ते मोबाईल ॲपवरचे चार पर्यायांचे प्रश्न असतात ना, ते मला आवडत नाहीत. चारातलं एक बरोबर असणारच. तिथे कोणी ‘मधाचं पिंप’ म्हणत नाही. रोजच्या मालिकांवरचे प्रश्नही आम्ही बंद केले. ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांहून जास्त भाग झाले, त्यातला नेमका कुठला प्रसंग विचारणार? जुन्या दूरदर्शनच्या प्रश्नांची गोष्ट मात्र वेगळी. ‘हम लोग’ म्हटलं की लोक उत्तर देऊन थांबत नाहीत. कोणाच्या घरी टीव्ही होता, किती जण सतरंजीवर बसायचे, अँटेना फिरवायला गच्चीवर कोण जायचं, हे सगळं येतं. कोडं दहा मिनिटांत संपतं आणि त्याच्या गप्पा साडेअकरापर्यंत चालतात.

आता कोल्हापूरच्या सरांबद्दल सांगते. निवृत्त शिक्षक, एकटे राहणारे, मुलगी पुण्याला. मूकपटांपासूनचं सगळं त्यांना पाठ. पहिला भारतीय चित्रपट कोणता यावर फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ की तोरण्यांचा १९१२ चा ‘श्री पुंडलिक’, हा वाद त्यांनी आमच्यात तीन रात्री चालवला होता. ‘पुंडलिक’ हे नाटकाचंच चित्रण होतं, असं एक बाजू म्हणते, आणि दुसरी म्हणते की दोन्ही लागले गिरगावातल्या त्याच कॉरोनेशन थिएटरात, मग आधी आला तो पहिला. सर दोन्ही बाजूंनी भांडायचे.

दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी त्यांची पाळी होती. साडेनऊ झाले, दहा झाले, प्रश्न नाही. इतक्या वर्षांत सरांनी पाळी चुकवली नव्हती. मेसेजला एकच टिक. सकाळी फोन बंद. तेव्हा आमच्या लक्षात आलं की सरांचा पत्ता कोणाकडेच नाही. ज्यांच्या ओळखीने ते ग्रुपमध्ये आले होते, त्यांनाही एका दुसऱ्या ग्रुपवरचा नंबर एवढंच माहीत. मुलीचं सासरचं आडनाव ठाऊक नाही. चौदा जणांना त्यांचा आवडता नट माहीत होता, घर नाही.

मग आम्ही जुने मेसेज वर सरकवत बसलो. घरामागे एक टॉकीज होती, तिचं आता मंगल कार्यालय झालंय, मध्यंतराची घंटा स्वयंपाकघरात ऐकू यायची, असं सरांनी एकदा लिहिलं होतं. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. म्हणजे अर्धं कोल्हापूर गळलं. शाळेत असताना शूटिंग बघायला जयप्रभा स्टुडिओपर्यंत चालत जायचे. अजून निम्मं गळलं. सांगलीकर काकूंची भाची कोल्हापुरात शिकायला होती. तिला दुपारी फोन केला. ती मैत्रिणीला घेऊन गेली, मंगल कार्यालय सापडलं, मागच्या गल्लीत दूधवाल्याला विचारलं, सिनेमाचं वेड असलेले मास्तर कुठे राहतात? त्याने दार दाखवलं. आतून कडी होती. शेजाऱ्यांना वाटलं होतं, सर नेहमीप्रमाणे पुण्याला गेले असतील. त्यांचा दोष नाही, ते वरचेवर जायचेच.

दार तोडावं लागलं. सर मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरात पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं. हाताशी पाण्याची कळशी होती म्हणून निभावलं. फोन बाहेरच्या खोलीत वाजून वाजून बंद पडला होता. दीड दिवस झाला होता. अजून एक रात्र गेली असती तर अवघड होतं, असं डॉक्टरांनी मुलीला सांगितलं.

ऑपरेशन झाल्यावर चौथ्या दिवशी ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. ‘मंगळवारचा माझा प्रश्न राहिला आहे. एकाच चित्रपटात राम आणि सीता दोन्ही भूमिका एकाच नटाने केल्या. चित्रपट आणि नट सांगा. वेळ दहा मिनिटं.’ बरोबर उत्तर होतं १९१७ चं फाळक्यांचं ‘लंकादहन’ आणि अण्णा साळुंके, तेच ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती. मला येत होतं. पण त्या रात्री टाइप करायला हातच चालेना, आणि दहा गुण मस्कतला गेले.

आता आमच्या ग्रुपमध्ये एक वही आहे. प्रत्येकाचा पत्ता, जवळच्या माणसाचा नंबर आणि किल्ली कोणाकडे असते ते. सर वॉकर घेऊन चालतात आणि मंगळवारची पाळी सोडत नाहीत.

आपल्या तीन विंगमध्ये एकटी राहणारी सात माणसं मला माहीत आहेत, कदाचित जास्त असतील. मी कमिटीकडे अर्ज दिलाय की दर शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये हा खेळ ठेवू या. ज्यांना खाली यायला जमत नाही, त्यांनी घरून फोनवर खेळायचं. सोसायटीच्या मुख्य ग्रुपवर चालणार नाही, तो पाणी आणि लिफ्टसाठी आहे, हे सेक्रेटरींनी आधीच बजावलंय. वेगळा ग्रुप करू. आणि वहीही करू. नाव देताना किल्ली कोणाकडे असते तेही लिहा. कमिटीने अजून हो म्हटलेलं नाही. सगळे समोर बसलेत म्हणून आत्ताच विचारून घेते.

अध्यक्ष हसले. हसणं म्हणजे होकार, असं मी इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगते.

आता घंटा वाजली. जाता जाता एक प्रश्न, आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा, म्हणजे घर मिळण्याचा. १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ सगळ्यांनी पाहिलाय. ती गोष्ट त्याआधी १९६६ मध्ये हिंदीत येऊन गेली होती, दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी. चित्रपटाचं नाव काय? उत्तर जेवणाच्या रांगेत माझ्या कानात सांगायचं. मोबाईल पर्समध्ये ठेवा. बी विंगच्या काकू, मी बघतेय!