क्रमाची कसोटी



गट म्हणजे काय, अविकारक आणि व्यस्त कशाला म्हणतात, हे आपणांपैकी बहुतेकांनी कॉलेजात ऐकलेले आहेच, तेव्हा त्याची उजळणी न करता मी थेट माझ्या आग्रहाकडे येतो. आणि तो आग्रह असा की, पाहणाराने जागा बदलताच जो उलटतो, त्याला गणिताने क्रम म्हणू नये. गटातील घटकांची लहानमोठी अशी प्रतवारी कशीही लावता येईल. परंतु दोन घटकांना एकाच तिसऱ्याने डावीकडून गुणा वा उजवीकडून गुणा, त्यांची प्रतवारी अबाधित राहिली पाहिजे, एवढी एक अट घातली की भल्याभल्या गटांची त्रेधा उडते.

याचे कारण संयुग्मन. आधी ‘ग’चा व्यस्त, मग ‘क’, मग पुन्हा ‘ग’, असे केले म्हणजे ‘क’ हीच क्रिया आपण दुसऱ्या ठिकाणी उभे राहून पाहतो. आपल्या सिन्नरच्या गोंदेश्वराच्या देवळाची प्रदक्षिणा शिखरावरून पाहणाराला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे चाललेली दिसेल. भुईखालून वर पाहणारा कोणी असलाच, तर त्याला तीच उलट दिसेल. (पुढच्या रांगेतून: “शंकराला अर्धीच प्रदक्षिणा!” हशा.) मान्य आहे, सोमसूत्र ओलांडायचे नाही, तिथवर जाऊन माघारी फिरायचे. म्हणजे क्रिया आणि तिचा व्यस्त एकाच फेरीत आले, माझे काम आपणच सोपे केलेत!

आता पाहा. अविकारकाहून मोठा तो धन. आणि दोन्ही बाजूंनी टिकणाऱ्या क्रमात धनाचा संयुग्मी धनच राहतो. मग एखादा घटक आपल्याच व्यस्ताचा संयुग्मी निघाला, तर दोघेही धन ठरतील, त्यांचा गुणाकारही धन ठरेल. पण तो गुणाकार तर अविकारक! अविकारक सोडून असा एक जरी घटक सापडला, तरी त्या गटाला क्रम लागणे नाही.

या विषयाचा एक पाया आपल्या देशात घातला गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. फ्रीड्रिख विल्हेल्म लेवी, जन्म 1888, यांना केवळ यहुदी म्हणून 1935 मध्ये नाझी राजवटीने लाइप्झिगच्या विद्यापीठातून बडतर्फ केले, आणि कलकत्ता विद्यापीठाने त्यांना सन्मानाने हार्डिंज प्राध्यापकाच्या जागी रुजू करून घेतले. तेथून त्यांनी 1942 साली क्रमित गटांवरचा आपला निबंध बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात छापला. ज्यात गुणाकाराची अदलाबदल चालते अशा क्रमनिरपेक्ष गटाला दोन्ही बाजूंनी टिकणारा क्रम केव्हा लावता येतो? अविकारकाखेरीज कोणताही घटक स्वतःशी कितीही वेळा गुणला तरी अविकारकाशी परत येत नसेल तेव्हा, आणि तेव्हाच; हा सिद्धांत लेवींच्याच नावावर आहे. पुढे 1948 ते 1952 ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, जिथे आपले दामोदर कोसंबीही गणिताचे प्राध्यापक होते. याच काळात, 1949 साली, आपल्याच जिल्ह्यात देवळालीच्या कापरेकर मास्तरांना 6174 ही संख्या गवसली. कापरेकरांचे नाव आपण अभिमानाने घेतो, घ्यावेच. लेवींचेही घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. (“ते आपले कसे?”) महाराज, ज्यांनी त्यांना बडतर्फ केले त्यांनी नेमका हाच सवाल केला होता! आपला आणि परका ही प्रतवारी जागेबरोबर उलटते; अविकारकाशी न परतणाऱ्या घटकांविषयीचा तो सिद्धांत लाइप्झिगमध्ये, कलकत्त्यात आणि सिन्नरात सारखाच खरा आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटे उरली. तेव्हा आपल्याच व्यस्ताचा संयुग्मी निघणाऱ्या घटकाचे उदाहरण म्हणून वेणीकडे वळतो. तीन पेडांच्या वेणीत पहिल्या दोन पेडांचा वळसा ‘प’ आणि पुढच्या दोहोंचा ‘फ’ म्हणू. या गटात कोणताही वळसा पुन्हापुन्हा घालून वेणी आपोआप सुटत नाही; तरीही साऱ्या पेडांना मिळून अर्धा पीळ दिला की ‘प’चा ‘फ’ होतो आणि ‘फ’चा ‘प’. म्हणून ‘प’ गुणिले ‘फ’चा व्यस्त हा घटक आपल्याच व्यस्ताचा संयुग्मी ठरतो, आणि दुतर्फा क्रम अशक्य होतो. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात पात्रिक देऑर्नुआ या फ्रेंच गणितज्ञाने याच गटाला एका बाजूने टिकणारा क्रम लावून दाखवला. ते काम अतिशय सुंदर आहे. पण त्या क्रमाला मी पूर्ण क्रम म्हणणार नाही, आणि ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी आभारप्रदर्शनानंतर फळ्यापाशी यावे.