एक किलोमीटरचा प्रश्न
(मुहर्रक येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय शिक्षणाचा असला, तरी आम्ही प्रथम जमिनीविषयी बोलणार आहोत. आपण जमलो आहोत त्या मुहर्रकमध्येच १९१९ साली हिदाया अल खलिफिया ही बहरीनमधील पहिली सार्वजनिक शाळा निघाली. १९२८ साली मुलींची पहिली शाळाही येथेच सुरू झाली. मोत्यांच्या व्यापारावर जगणारे, पायी ओलांडता येईल एवढे ते गाव होते. आज आपल्यापैकी अनेकांची मुले पहाटे बसने पूल ओलांडून इसा टाऊनच्या शाळेत जातात. त्यांचे झोपाळलेले डोळे पाहून आम्ही पालकांना सांगतो की, रात्री लवकर निजवा. याहून अधिक औषध आमच्यापाशी नाही! परक्या देशात शाळा कोठे असावी हे आपण ठरवू शकत नाही. मायदेशी मात्र त्यात आपला शब्द चालू शकतो.

मुंबईला नगररचनेचा धडा रोगाने दिला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रस्ते काढले, चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेबांचे वास्तव्य अनेक वर्षे होते. वैद्यकाच्या दृष्टीने हवा, उजेड व गटारे यांचा तो विचार योग्यच होता. परंतु त्या खोल्यांत मुलाने पुस्तक उघडून कोठे बसावे, याचा विचार नकाशात नव्हता. १९२७ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी दाखवून दिले की, प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी जेमतेम अठरा चौथीपर्यंत पोहोचतात. शाळा काढणे आणि मूल शाळेत टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी आकड्यांनी सिद्ध केले.

आता अलीकडचे पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखल्या. त्याच कायद्याखालील नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असे ठरले. हे अंतर मुलाच्या पायांसाठी होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने हाच किलोमीटर उलटा वापरला. ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असेल, त्या खाजगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट दिली. मुंबई-पुण्यासारख्या दाट शहरात अशी शाळा जवळ नाही असा भाग कितीसा सापडणार? म्हणजे दार जवळजवळ बंदच झाले. पालक न्यायालयात गेले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

पालिकेच्या शाळेला आम्ही नावे ठेवीत नाही; आम्ही स्वतः तेथेच शिकलो. परंतु तिच्या अस्तित्वाचा उपयोग गरिबाला दुसऱ्या दारातून परतविण्यासाठी व्हावा, हे आम्हांला मान्य नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. शहराच्या विकास आराखड्यात शाळांसाठी भूखंड आरक्षित असतात. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. आणि त्यानंतरच्या मुदतीतही पालिका हालली नाही, तर आरक्षण संपते. मग तेथे इमारती उठतात, आणि शाळा कागदावरूनही जाते. मुंबईचा चालू आराखडा २०३४ पर्यंतचा आहे. आपल्या भावंडांच्या वस्तीत शाळेचा भूखंड कोठे आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

आपण दरवर्षी गावाकडे भाच्या-पुतण्यांच्या फीसाठी पैसे पाठवितो. पाठवावेत. पण अर्जाचे काम कोण करतो? अनुसूचित जातीच्या पालकांना या प्रवेशासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांचाही त्या यादीत समावेश आहे. तरी जातीचा दाखला वेळेवर मिळत नाही, भाडेकराराची प्रत नसते, मोबाइलवर नकाशात घर चुकीच्या जागी दाखविले जाते आणि शाळेचे अंतर वाढते. एका खुणेपायी मुलाचे वर्ष जाते.

म्हणून आमची सूचना अशी की, संघाच्या शिष्यवृत्ती निधीतून काही रक्कम मुंबई, पुणे व नागपूर येथे अर्ज भरून देणाऱ्या दोन-तीन तरुणांच्या मानधनासाठी ठेवावी. त्याच तरुणांनी आपापल्या प्रभागाचा आराखडा काढून शाळेच्या भूखंडांची यादी करावी. ज्यांच्या नात्यात पुढील वर्षी पहिलीत जाणारे मूल आहे, त्यांनी आज जेवणापूर्वी चिटणिसांकडे वस्तीचे नाव व प्रभाग लिहून द्यावा.