चंद्र, साक्षीदार आणि बाण



वाद घालायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण घातलेला वाद कागदावर मांडा म्हटलं, की पंचाईत होते.

एक खटला घेऊ. १८५८ साल, अमेरिकेतलं इलिनॉय राज्य. डफ आर्मस्ट्राँग या तरुणावर खुनाचा आरोप. चार्ल्स ॲलन नावाचा साक्षीदार म्हणाला, रात्री अकराच्या सुमारास त्याला घाव घालताना मी चांदण्यात पाहिलं. बचावाचे वकील होते अब्राहम लिंकन. त्यांनी पंचांग काढलं. त्या वेळी चंद्र मावळतीकडे झुकलेला! आर्मस्ट्राँग सुटला.

आता हे फळ्यावर मांडू. ‘ॲलनने पाहिलं’ ही एक चौकट, ‘आर्मस्ट्राँगने मारलं’ ही दुसरी. मधे एक चौकट आहे, ‘पाहण्याइतका उजेड होता’. ती सहसा कुणी काढत नाही. लिंकनचा बाण नेमका तिथे लागला, आरोपावर नव्हे. पंचांगाने आर्मस्ट्राँग निर्दोष ठरत नाही, ॲलनची साक्ष तेवढी ढासळते. बोलण्याच्या ओघात हा फरक निसटतो. रेघ ओढायची म्हटली, की ती कुठे टेकवायची हे ठरवावंच लागतं.

पुराव्यांचे असे नकाशे १९१३ साली जॉन हेन्री विगमोर या कायद्याच्या प्राध्यापकाने काढून दाखवले. चौकोन, वर्तुळं, बाण. वकीलमंडळी फारशी फिरकली नाहीत, आणि मला नवल वाटत नाही. तो तक्ता पाहूनच घाम फुटतो. पुढे संगणक आला. डंडी विद्यापीठाचं ‘अरौकारिया’, मेलबर्नमध्ये घडलेलं ‘रॅशनेल’, या आज्ञावलींत चौकटी हव्या तशा हलवता येतात, खोडाखोड राहत नाही.

खरी गंमत १९९५ची. बँकॉकजवळच्या एका संस्थेतले संशोधक फान मिन्ह झुंग यांनी मुद्द्यात काय लिहिलंय ते बाजूला ठेवलं. कोण कुणावर हल्ला करतो एवढंच पाहिलं. ज्याच्या सगळ्या हल्लेखोरांचा पाडाव झाला, तो मुद्दा टिकला. आपल्या खटल्यात साक्षीवर पंचांगाचा हल्ला. पुढे वदंता उठली, की लिंकनने भलत्याच वर्षाचं पंचांग दाखवलं. हा पंचांगावर हल्ला. तो खरा, तर साक्ष पुन्हा उभी! मग १९९०मध्ये टेक्सासच्या दोन शास्त्रज्ञांनी त्या रात्रीच्या चंद्राचं गणित मांडलं. पंचांग बरोबर निघालं. वदंता पडली, पंचांग उभं राहिलं, साक्ष पुन्हा आडवी. चार मुद्द्यांचं हे तोंडी जमतं. चारशे मुद्दे आणि एकमेकांत गुंतलेले बाण असले, की यंत्र लागतं.

मात्र यंत्राला चंद्र दिसत नाही. बाण आपण काढायचे. चुकीचा काढला तर तेही तितक्याच चोखपणे चुकीचं उत्तर देईल. म्हणून सोसायटीच्या पार्किंगच्या भांडणासाठी हा खटाटोप करा असं मी म्हणणार नाही. पुनर्विकासासारखा प्रश्न, दोन वर्षांचे ठराव, वकिलांची पत्रं, आणि दर बैठकीत तोच आक्षेप नव्याने. तिथे मात्र भिंतीवर नकाशा लावा. आक्षेप घेणाऱ्याला एकच विचारायचं: तुमचा बाण यातल्या कुठल्या चौकटीवर आहे?