रक्तदाबाची गोळी आणि कोरडा खोकला



महोत्सवाच्या सभेंत खोकल्यावर बोलणें कित्येकांस विनोदाचें वाटेल. परंतु गेल्या उन्हाळ्यांत तीन महिने माझ्या प्रवचनांत शब्दांपेक्षां खोकलाच अधिक होता, व तो आपण सर्वांनीं निमूटपणें सोसला. तेव्हां त्याचा हिशेब आपणांस देणें हें माझें कर्तव्यच होय.

रक्तदाब वाढल्यामुळें मला रामिप्रिल नांवाची गोळी सुरू झाली होती. तीन आठवड्यांत घशांत पीस फिरल्यासारखी खवखव होऊं लागली. कफ नाहीं, ताप नाहीं. केवळ कोरडी ढांस. घरोघरच्या माउल्यांनीं अडुळसा, ज्येष्ठमध, आल्याचा रस प्रेमानें पाठविला. गुण आला नाहीं. आणि यावयाचा नव्हताच. खोकला त्या गोळीचाच होता.

हें घडतें कसें? आपल्या शरीरांत एक विकर आहे. रक्तवाहिन्या आवळणारें अँजिओटेन्सिन तयार करणें हें त्याचें एक काम, व ब्रॅडिकायनिन नामक द्रव्य मोडणें हें दुसरें. एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रामिप्रिल ह्या ‘प्रिल’ कुळांतील गोळ्या त्या विकरास अडवितात. दाब उतरतो, पण ब्रॅडिकायनिन साचून श्वासमार्गांतील मज्जातंतु चाळवले जातात, असें तज्ज्ञ मानतात. नवल असें कीं, ब्रॅडिकायनिनचा शोध १९४९ सालीं ब्राझीलमध्यें रोशा इ सिल्व्हा प्रभृतींस लागला तो जराराका नामक सापाच्या विषावर प्रयोग करीत असतां. आणि त्याच विषाच्या अभ्यासांतून ह्या कुळांतील पहिली गोळी कॅप्टोप्रिल निघाली. अमेरिकेंत तिला १९८१ मध्यें मान्यता मिळाली. औषध आणि उपद्रव दोहोंचें माहेर एकच!

असा खोकला पुष्कळांस होतो. पुरुषांपेक्षां स्त्रियांस अधिक. कोणास पहिल्या आठवड्यांत, कोणास कित्येक महिन्यांनीं. म्हणूनच गोळीचा संशय येत नाहीं.

आतां माझा अपराध सांगतों. गोळीचा संशय येतांच मी ती कोणास न विचारतां सोडली. दोन आठवड्यांत खोकला गेला आणि मी स्वतःच्या हुशारीवर खूष झालों. पुढें तपासणींत वरचा दाब १८० निघाला! डॉक्टरांनीं मला लहान मुलासारखें झापलें, व तें योग्यच होतें. खोकला ऐकूं येतो. दाब ऐकूं येत नाहीं. त्यांनीं मला टेल्मिसार्टन दिली. ही ‘सार्टन’ कुळांतील गोळी विकरास हात लावीत नाहीं, अँजिओटेन्सिनचा परिणाम तेवढा रोखते. ढांस परत आली नाहीं.

मात्र प्रत्येक खोकल्याचें खापर गोळीवर फोडूं नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास क्षयाकरितां थुंकी तपासून घ्यावीच. आणि ‘प्रिल’ घेणाऱ्याचे ओठ, जीभ वा चेहरा सुजला, तर सकाळची वाट न पाहतां तडक रुग्णालय गांठावें. क्वचित् घडतें, पण श्वास कोंडतो.

सभा संपल्यावर ज्यांस शंका असेल त्यांनीं गोळ्यांचें पाकीट घेऊन पडवींत यावें. मी वैद्य नव्हे. चष्मा लावून नांव वाचून देईन, एवढेंच. बदल डॉक्टरच करतील. तोंवर गोळी चालू ठेवा.