शेळीच्या पोटातील आंबवण आणि खाद्यातील पूरक द्रव्ये



शेळीला गरिबाची गाय म्हणतात. अल्पभूधारकाच्या घरी पैशाची निकड भासली की शेळीच उपयोगी पडते. म्हणूनच काल धडधाकट असलेली शेळी आज दगावली, तर त्या घराचा वर्षाचा हिशेब कोलमडतो. अशा कित्येक मृत्यूंचे कारण रोगात नसून खाद्यात असते. ते टाळावयाचे तर शेळीच्या पोटात काय चालते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

शेळीच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी सर्वांत मोठा तो कोटीपोट. हा जणू आंबवणाचा रांजणच. त्यात असंख्य सूक्ष्म जीव वास करतात. पाल्यातील व पेंढ्यातील तंतू शेळीच्या स्वतःच्या पाचक रसांनी पचत नाहीत. ते कार्य हे जीव करतात. त्या आंबवणातून निर्माण होणाऱ्या आम्लांपासून शेळीला लागणाऱ्या शक्तीचा बहुतांश भाग मिळतो. पुढे हे जीव स्वतःही पचतात आणि शेळीला प्रथिने पुरवितात. तात्पर्य, शेळीला दिलेला घास प्रथम या जीवांच्या मुखी जातो.

या जीवांचे महत्त्व सुबाभळीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसीन नावाचे विषारी द्रव्य असते. ऑस्ट्रेलियातील जनावरांना हा पाला बाधत असे. हवाई बेटांवरील शेळ्या मात्र तो निर्धास्तपणे खात. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने याचा शोध घेतला. हवाईतील शेळ्यांच्या कोटीपोटातील जीवाणू ऑस्ट्रेलियातील जनावरांच्या पोटात सोडण्यात आले आणि त्यांनाही पाला पचू लागला. ही यशस्वी कामगिरी १९८६ साली प्रसिद्ध झाली. १९९२ साली त्या जीवाणूच्या नावात जोन्स यांचे नाव गोवण्यात आले. शेळ्या त्याच, पाला तोच. बदलले ते केवळ पोटातील जीव. तरीही आपल्याकडे सुबाभूळ एकूण हिरव्या चाऱ्याच्या एक-तृतीयांशाहून अधिक न देणे शहाणपणाचे.

आता धान्याविषयी. सुगीच्या दिवसांत शेळी खळ्यावरील ज्वारीच्या वा मक्याच्या राशीत शिरते आणि पोटभर दाणे खाते. दाण्यांचे आंबवण अतिवेगाने होऊन कोटीपोटात आम्ल साचते. तंतू पचविणारे जीव मरतात, रवंथ थांबते, आणि वेळीच पशुवैद्यकाचे साहाय्य न मिळाल्यास शेळी दगावते. म्हणून खुराक वाढवावयाचा तो दोन-तीन आठवड्यांत, थोडा थोडा. खुराकात शेकडा एक भाग खाण्याचा सोडा मिसळल्यास आम्लतेला आळा बसतो. परंतु शेळीच्या लाळेतही हाच सोडा निसर्गतः असतो, आणि भरपूर चारा चघळल्यानेच लाळ सुटते. चाऱ्याची उणीव पुडीतील सोडा भरून काढू शकत नाही.

युरियाची गोष्टही तशीच. शंभर किलो वाळलेल्या पेंढ्यावर चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा आणि पेंढा हवाबंद झाकून एकवीस दिवस मुरवावा. असा पेंढा अधिक पचनीय होतो. तो उघडून वारा दिल्यावर, हळूहळू सवय लावून घालावा. मात्र युरियाचे पाणी शेळीच्या तोंडी लागू देऊ नये. त्यापासून पोटात अमोनिया वेगाने निर्माण होऊन ती तडफडून मरते. सहा महिन्यांखालील करडांना युरियायुक्त खाद्य मुळीच देऊ नये, कारण त्यांच्या कोटीपोटाची पुरेशी वाढ झालेली नसते.

वाढ झपाट्याने व्हावी म्हणून खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची प्रथा युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंद केली. आपल्या पशुपालकांनीही अशी औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना वापरू नयेत. खुराकात शेकडा दोन भाग क्षारमिश्रण आणि एक भाग मीठ घातल्यास सर्वसाधारण गरज भागते.

शेळी पाळणे म्हणजे तिच्या पोटातील अदृश्य कुटुंबाचेही पालन करणे होय. त्या कुटुंबाला नव्या अन्नाची सवय होण्यास अवधी दिला, तर शेळीही सुखरूप राहील आणि तिच्यावर विसंबलेले घरही.