हौशी रेडिओ आणि घरचा गोंगाट
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाह, वसतिगृह अशा विषयांवर जाणत्यांची भाषणे झाली. आमच्यासारख्या मॅट्रिक झालेल्या निवृत्त शिक्षकाने हौशी रेडिओविषयी बोलावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आम्हांस जी हकीकत सांगावयाची आहे, ती यंत्राची तशीच भाऊबंदकीचीही आहे.

शासनाचा परवाना घेऊन, कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न धरता, स्वतःच्या यंत्रावरून दूरदूरच्या सहव्यवसनी मंडळींशी संभाषण करणे म्हणजे हौशी रेडिओ. हा निव्वळ छंद नव्हे. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छात भूकंप झाला आणि २६ डिसेंबर २००४ रोजी अंदमानवर समुद्र चालून आला, तेव्हा तारा व टेलिफोन मुके झाले असता या हौशी लोकांनीच निरोप पोहोचविले. अशा प्रसंगी क्षीण हाक ऐकू येणे हेच सर्वस्व असते. आणि गोंगाट ती हाक गिळून टाकतो.

आमचा वाडा वाटणीत विभागला आहे. मधल्या भिंतीपलीकडे आमचे चुलत बंधु, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, राहतात. काही वर्षांपूर्वी आमच्या ग्राहकयंत्रात ४० मीटरच्या पट्ट्यावर अखंड घरघर सुरू झाली. त्याच सुमारास दादांनी घरभर नवे एलईडी दिवे बसविले होते. आम्ही शहानिशा न करता त्यांच्या ओट्यावर जाऊन म्हणालो, "दादा, तुमच्या दिव्यांनी आमचा रेडिओ बहिरा केला." ते उसळून म्हणाले, "आणि तू बोलू लागलास की माझा स्पीकर बोबडे बरळतो, त्याचे काय?" बोलणे खुंटले. त्या वर्षी गणपतीची आरतीही दोन ओट्यांवर निरनिराळी झाली.

पुढे एके रात्री आम्ही जे प्रथमच करावयास हवे होते ते केले. ग्राहकयंत्र १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावले आणि आपल्या घराची मुख्य कळ बंद केली. घरघर तत्क्षणी थांबली! दादांकडे तर सर्व दिवे जळत होते. मग एकेका खोलीचा प्रवाह सुरू करीत गेलो, तो नातवाच्या संगणकाच्या स्वस्त चार्जरपाशी चोर सापडला. असे चार्जर प्रवाहाची प्रतिसेकंद हजारो वेळा उघडझाप करतात. आत योग्य गाळणी नसेल तर त्या उघडझापीचे पडसाद कित्येक मेगाहर्ट्झपर्यंत पोहोचतात आणि घरातील तारा एरियलचे काम करून ते पसरवितात.

उपाय सोपा आहे. चार्जर चांगला घ्यावा. ते न जमल्यास त्याची तार फेराइटच्या कड्यातून गुंडाळावी. जाणारी व येणारी तार एकत्रच गुंडाळावी, म्हणजे कामाचा प्रवाह अडत नाही आणि उपद्रवी प्रवाह तेवढा अडतो. एका वेढ्याने जितका अडथळा होतो, त्याच्या सुमारे पंचवीसपट पाच वेढ्यांनी होतो. मात्र वीजयंत्राची सुरक्षेची भूतार कधीही तोडू नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही कडे हातात घेऊन दादांच्या दारी गेलो. म्हणालो, "दादा, चोर आमच्याच घरात होता." ते क्षणभर पाहत राहिले, मग म्हणाले, "आत ये. आधी चहा घे."

चहानंतर त्यांच्या स्पीकरच्या तारांवर कडी चढविली. आमची लहर त्या तारांतून आत शिरत असे आणि स्पीकरचे मंडल तिचा बोबडा आवाज करीत असे. आमचे यंत्र नियमाप्रमाणे चालत होते, हे खरे. पण नियम पाळला म्हणून शेजारधर्म संपत नाही. आम्ही एरियल भिंतीजवळून काढून विहिरीपलीकडे नेला. तारेच्या बाह्य अंगावरून प्रवाह घरात परतू नये म्हणून एरियलच्या जोडावरही फेराइट बसविले. शक्ती १०० वॅटवरून २५ वर आणली. इतकी घट करूनही ऐकणाऱ्याच्या मापकावर जेमतेम एका अंकाचा फरक पडतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. दादांचा स्पीकर निमूट झाला.

पुढल्या भाद्रपदात आरती एकाच ओट्यावर झाली.

तरुण ज्ञातिबंधूंनी ही विद्या अवश्य शिकावी. आणि जे शिकणार नाहीत, त्यांनी एवढे तरी ध्यानी धरावे: गोंगाट कानी पडला की शेजाऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या घरची कळ एकदा बंद करून पाहावी.